कारिटाच्या जागी युझू

२०१५ साली, नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी दुपारी चार वाजता, मस्कतच्या एका हॉटेलच्या मागच्या गेटवर माझ्या बाबांना चोर ठरवलं गेलं. त्यांच्या जेवणाच्या डब्यात तीन युझू सापडली. टाकून दिलेली.

बाबा मूळचे मालवणकडचे, त्या हॉटेलच्या जपानी किचनमध्ये कुक. युझू हे जपानचं लिंबू. साल खडबडीत, आत नुसत्या बिया, रस जेमतेम. साल किसून सूपवर घालतात. पण वास असा, की बाबा घरी आले की शर्टावरूनच कळायचं, आज नवी पेटी उघडली.

दिवाळीला आमच्याकडे अंघोळीच्या वेळी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात. ते कडू रानफळ मस्कतच्या अल मवालेह मंडईत कुठून मिळणार? म्हणून एके वर्षी बाबांनी जपानी शेफकडे डागाळलेलं युझू मागितलं. कशाला, ते ऐकून शेफ म्हणाले, "पायाखाली? आम्ही थंडीत ते अंघोळीच्या पाण्यात सोडतो."

बाबा घरी येऊन आईला म्हणाले, "बघ, त्यांच्यातय अभ्यंगस्नान आसा."

"मग त्यांनाच बोलव फराळाला," आई म्हणाली.

तीन दिवाळ्या तसं चाललं. बाल्कनीत तुळशीपुढे फळ पचकन फुटायचं, बिया माझ्या पायावर उडायच्या आणि उटण्याच्या वासावर तो वास चढायचा. मला दिवाळी म्हटलं की अजून तोच आठवतो. खरं कारीट मी तोवर पाहिलंसुद्धा नव्हतं.

मग ते शेफ मायदेशी गेले. २०१५च्या त्या दुपारी गेटवर नवा मॅनेजर होता. त्याने बाबांपुढे कागद केला, त्यावर लिहिलेलं: ‘मी हॉटेलचा माल चोरला.’

बाबा म्हणाले, "सर, ये कचरे में था."

"कचरा भी हमारा है. साइन करो, खलास."

सही नाही तर नोकरी नाही. नोकरी नाही तर व्हिसा, घर, माझी शाळा, काहीच नाही. बाबांनी सही केली. फळं त्यांच्यादेखत परत कचऱ्यात गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आईने तुळशीपुढे साधं लिंबू ठेवलं.

"वास नाही येत," मी म्हटलं.

"गप. पाय ठेव."

बाबा आमच्याकडे पाठ करून उभे होते.

आज तुमच्या सोसायटीच्या गेटवरही कामाच्या बायकांच्या पिशव्या जाताना अशाच उघडून बघतात. तुम्ही रोज तिथूनच गाडी काढता. या महिन्याच्या मीटिंगमध्ये उभे राहा आणि तो नियम रद्द करायला लावा.