लाल चामड्याची उलटी बाजू

ती घटना आठवली नाही असा दिवस जात नाही, पण सांगायचं मात्र मी आजवर टाळलं. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात लोक एखादी केस सांगा म्हणाले, की मी दरोडे सांगायचो, खून सांगायचो. ही नाही. हिच्यात मुळात गुन्हाच नव्हता, तरी एका माणसाचा हात गेला.

वडील रेल्वेत इंजिनिअर म्हणून लखनऊला आले आणि आम्ही इथलेच झालो. मी उत्तर प्रदेश पोलिसांत भरती झालो. घटनेच्या वेळी छावणीलगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती.

छावणीत एक निवृत्त कर्नल राहत. त्यांच्याकडे वडिलांची जुनी विलायती मोटार होती. आतलं लाल चामडं तडकलं होतं, शिवणी उसवल्या होत्या. जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात आतला भाग मूळचा आहे की नाही, हे आधी पाहतात. त्यामुळे कर्नलसाहेबांची एकच अट होती: नवीन काही लावायचं नाही. त्यांनी काम चौक या जुन्या बाजारपेठेतल्या एका वृद्ध कारागिराला दिलं. सगळे त्याला उस्ताद म्हणत. तीन महिन्यांनी मोटार परत आली, तेव्हा कर्नलसाहेबांनी ऑफिसर्स मेसमधल्या मित्रांना बोलावून ती दाखवली होती.

महिन्याभरात माझ्या एका खबऱ्याने बातमी आणली. तो जुन्या मोटारींचे सुटे भाग विकायचा. म्हणाला, उस्तादने असली, म्हणजे मूळचा, चमडा दिल्लीला विकला, सीटखाली हात घालून बघा. उस्तादला मिळालेलं काम आधी यालाच हवं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

मी कर्नलसाहेबांच्या बंगल्यावर गेलो. मागची गादी उचलली. खालचं चामडं कोरं होतं, नव्या चपलेसारखा वास येत होता. पाठीमागची बाजू, दाराच्या आतल्या कडा, सगळीकडे तेच. चोर न दिसणाऱ्या जागी हात मारतो, हे मी तीस वर्षं शिकलो आणि शिकवलं होतं. मग समोरचं चामडं पाहिलं. तेही फारच ताजं, गडद लाल. इतक्या वर्षांचं ऊन खाल्लेलं चामडं असं कसं राहील? कर्नलसाहेबांनी कागद मागवला. मग तक्रार लिहून दिली. विश्वासघाताचा गुन्हा दाखल झाला.

उस्तादला आणलं तेव्हा त्याच्या अंगठ्यावर शिवणकामाची धातूची टोपी तशीच होती. ती मी काढून घेतली आणि ठाण्याच्या मुन्शीकडे, म्हणजे लेखनिकाकडे, जमा केली. तो घाबरलेला नव्हता. म्हणाला, "हुज़ूर, असली चमड़ा सामने ही लगा है. टाँके खोलकर देख लीजिए."

टाके उसवले तर गादी खराब होईल, म्हणून कर्नलसाहेब तयार होईनात. मीही आग्रह धरला नाही. खालचं नवीन का, असं विचारलं तर उस्ताद म्हणाला, ते कारागिराचं काम आहे, सांगायचं नसतं. "जो रफ़ू दिख जाए, वो रफ़ू कैसा?" चौकात हे ऐकून लोकांनी मान डोलावली असती. माझ्या कानांना ती लपवाछपवी वाटली.

अटक रीतसर दाखवण्याआधी दोन दिवस तो ठाण्यात होता. रोजनाम्यात त्या दोन दिवसांची नोंद नाही. मी हवालदाराला म्हणालो, जरा समजाव याला. आमच्याकडे या वाक्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. मी शेजारच्या खोलीत फाइली पाहत बसलो. छडी हातावर पडत होती, हे मला आवाजावरून कळत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने कबुली दिली: दिल्लीच्या एका भंगारवाल्याला विकलं. आमचं पथक जाऊन आलं. त्या नावाचा कोणी नव्हता, चामडं नव्हतं. तरी मी आरोपपत्र पाठवलं. कबुली मिळाली की तपास संपला असं वाटायचं, आणि मला ती सवय लागली होती.

तो चार महिने तुरुंगात होता. मग जामीन झाला.

वर्षभराने मोटारीच्या पुढच्या गादीची एक शिवण उसवली. कर्नलसाहेबांनी बाहेरचा कारागीर बोलावला, आणि त्याने गादी उघडताच कर्नलसाहेबांनी मला फोन केला. मी उर्दू वाचणाऱ्या मुन्शीला घेऊन गेलो. चामड्याच्या उलट्या बाजूला कारखान्याचा जुना, पुसट शिक्का होता. शेजारी पेन्सिलीने उर्दूत बारीक अक्षरं. मुन्शी वाचत गेला: पिछली गद्दी, नीचे का पल्ला, बायाँ. दरवाज़ा, अंदर की पट्टी. प्रत्येक तुकडा कुठून काढला, ते लिहिलेलं होतं. जिथे ऊन कधी पोचलं नाही तिथलं मूळ चामडं उस्तादने काढून समोर जोडलं होतं, आणि नवीन, कमी प्रतीचं, कोणी बघणार नाही तिथे लावलं होतं. म्हणून समोरचं ताजं दिसत होतं. फाटलेले, निरुपयोगी तुकडेसुद्धा एका कापडात बांधून त्याने गादीच्या आत ठेवले होते.

कर्नलसाहेबांनी ते कापड सोडून एकेक तुकडा पाहिला. मग म्हणाले, "इंस्पेक्टर साहब, इसने तो एक कतरन भी नहीं रखी."

त्याच दिवशी मी पूरक अहवाल न्यायालयात द्यायला हवा होता. दिला असता, तर नोंद न झालेले ते दोन दिवस बाहेर आले असते. कर्नलसाहेबांनी न्यायालयाची परवानगी घेऊन तडजोड केली आणि खटला मिटला. कागदावर आजही असं दिसतं, की मालकाने चोराला माफ केलं. ते खोटं आहे. म्हणून हे लिहितो आहे.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मग एकदा जाऊन सांगा ना त्यांना. मला सांगून काय उपयोग?"

मी गेलो, पण निवृत्त झाल्यावर. उस्तादच्या दुकानात तयार सीटकव्हरं टांगलेली होती. त्याने मला लगेच ओळखलं. "आइए, तशरीफ़ रखिए," म्हणत जागा करून दिली, चहा मागवला. पेला डाव्या हाताने धरला. उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. त्याने मोटारीची चौकशी केली, एक शिवण उसवली होती म्हटल्यावर कुठली ते विचारलं, आणि मान हलवली. "वो कोना मुझे पहले से खटकता था."

मी खिशातली शिवणकामाची टोपी हातात धरून बसलो होतो. ठाण्याच्या मालखान्यात, जप्तीच्या सामानात, ती तशीच पडली होती, ती मी सोडवून आणली होती. त्याने विचारलं, "कहिए, कैसे आना हुआ?" मी म्हणालो, गाडीला कव्हर हवं होतं. त्याने माप विचारलं. मी करड्या रंगाचा एक जोड घेतला आणि टोपी खिशात घेऊनच गल्लीबाहेर आलो.

नोकरीने मला खोटं ओळखायला शिकवलं, असं मी भाषणांत सांगत असे. खरं समोर शिवलेलं होतं आणि मी गादीखाली हात घालून बसलो होतो. दुसरं काही शिकलो असेन तर हेच, की ज्याच्यापुढे बोलायचं तो माणूस कायम थांबत नाही. गेल्या हिवाळ्यात गेलो तर दुकानाला कुलूप होतं. पानवाल्याने सांगितलं, उस्ताद दिवाळीआधीच वारले.

टोपी माझ्या टेबलावर आहे. वाक्य फार मोठं नव्हतं, पाठ करून गेलो होतो: उस्ताद, चमड़ा असली था, चोरी आपने नहीं की, हाथ आपका मैंने तोड़ा. मुझे माफ़...