एसएमएसने गेलेले सासरे

लग्नाच्या महिनाभर आधी माझे सासरे वारले आणि ते त्यांनीच मला फोन करून कळवलं.

तेव्हा मोबाईल नवे होते आणि मी अंबाजोगाईत एका वाचनालयाचा ग्रंथपाल होतो. सभासद फिरकत नव्हते, म्हणून 'खिशातलं वाचनालय' ही सेवा काढली. रोज एसएमएसवर पुस्तकाचा एक तुकडा! सुरुवात माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या आत्मचरित्रापासून केली. नांदूरघाटला कापड विकणाऱ्या अप्पांनी ते पदरमोड करून छापलं होतं आणि त्यात स्वतःला आदराने 'अप्पासाहेब' म्हटलं होतं. (परवानगी? घरच्या माणसाची कसली परवानगी!)

कुणी वाचेना. मग मी शक्कल लढवली, तुकडा ऐन मोक्याला तोडायचा! अप्पांच्या टायफॉइडचं पान आलं. मी पाठवलं, "अप्पासाहेबांनी डोळे मिटले. घरात रडारड झाली." बरं होणं उद्यासाठी ठेवलं.

सभासदांनी तो मेसेज पाहुण्यांना पाठवला, पाहुण्यांनी अख्ख्या केज तालुक्याला! सकाळी फोन.

"जावईबापू, मी कवा मेलो?"

"अप्पा, काहीतरीच काय!"

"मंग जीपा भरभरून लोक माझ्या मातीला काहून आल्यात?"

धडपडत नांदूरघाट गाठलं. ओट्यावर अप्पा, समोर हार घेतलेली गर्दी. एक म्हातारी त्यांच्यापुढेच रडत होती, "लई चांगला मानूस होता!"

"आक्का, मी हितंच हाय!"

"तरी बी!"

अप्पांनी पुस्तक माझ्या अंगावर फेकलं. "पयलं पान वाचा!"

"सर्व हक्क लेखकाधीन..."

"मंग मला मारायचा हक्क तुमाला कुनी दिला? लगीन मोडलं!"

त्यांची सुनंदा मला मनापासून आवडली होती हो! तेवढ्यात तीच दारात आली. "अप्पा, आजवर तुमचं पुस्तक कुनी वाचलं होतं का? आज गावंच्या गावं रडायलीत!"

गर्दीतून कुणीतरी विचारलं, "पन मंग तुमी उठले कसे?" झालं! अप्पा मांडी घालून बसले आणि दुपारपर्यंत सांगत राहिले. लग्न वाचलं.

मी लगेच मेसेज पाठवला, "अप्पासाहेब खडखडीत बरे. लग्न ठरल्या दिवशीच." तो मात्र कुणीच पुढे पाठवला नाही! लग्न पुढे गेलं असं समजून बँडवाल्याने दुसरीकडची सुपारी घेतली होती. त्यामुळे माझी वरात नांदूरघाटात मुकाट्याने शिरली. घोड्यावर हारांत बुडालेला मी, मागे मान खाली घातलेले पाहुणे. (आमच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवूनच स्मशानात नेतात.) दुकानदारांनी अर्धी शटरं ओढली. कोपऱ्यावरच्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली, माझ्याकडे पाहून हात जोडले आणि शेजाऱ्याला म्हणाला,

"लई कमी वयात गेलं बघा पोरगं!"