उजवा खांदा, तीस नोंदी आणि एक राहून गेलेली

"एक्स-रे स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले आणि माझा चेहरा पडला.

आठ महिने माझा उजवा खांदा दुखत होता. तालमीतलं तेल झालं, शेक झाला, दोन मलमं झाली. निदान हाडात काहीतरी सापडेल, त्याला नाव असेल आणि नाव असेल तर उपाय असेल, असं मी धरून चालले होते. डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरून मला सगळे सांधे दाखवले. मग पाठीमागे येऊन फऱ्यावर, म्हणजे खांद्यामागच्या पसरट हाडावर, एका जागी अंगठा दाबला. कळ उठली ती पुढे, खांद्याच्या तोंडाशी, आणि तिथून दंडात उतरली.

"इथे दाबलं, तिथे दुखलं ना? हे मायोफेशियल पेन. दुखणं हाडाचं नाही, स्नायूंचं आहे."

मायोफेशियल म्हणजे स्नायू आणि त्याच्यावरचं पातळ आवरण, या दोहोंचं. सतत ताणलेल्या स्नायूत बारीक ताठर गाठी होतात. त्यांना ट्रिगर पॉइंट म्हणतात. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा चाप. "चाप एकीकडे असतो आणि गोळी लागते दुसरीकडे," डॉक्टरांनी समजावलं. मी आठ महिने गोळी लागलेल्या जागेवर तेल चोळत होते.

त्यांनी चिठ्ठीवर न्यूरोमस्क्युलर थेरपी असं लिहून दिलं. न्यूरो म्हणजे मज्जातंतू, मस्क्युलर म्हणजे स्नायूंचं. सुई नाही, गोळ्या नाहीत. नेमक्या गाठीवर अंगठ्याने ठरावीक दाब द्यायचा, तो धरून ठेवायचा, गाठ सैल झाली की सोडायचा. मंगळवारी आणि शुक्रवारी बारा बैठका.

किती दिवसांत बरं वाटेल, हे विचारायला मला कारण होतं. मी मुलींच्या शाळेत भूमिती शिकवते. हात कानाच्या वर जात नव्हता, म्हणून मी छातीच्या उंचीवर आकृत्या काढत होते आणि मागच्या बाकांवरच्या मुली उभ्या राहून बघत होत्या. मुख्याध्यापिकांनी मला बोलावून घेतलं होतं. "बाई, दहावीचं वर्ष आहे. दिवाळीनंतर भूमिती दुसऱ्या कोणाकडे द्यायची का, तेवढं सुट्टीआधी सांगा. तुम्हाला ऑफिसचं काम देऊ." त्या प्रेमाने बोलल्या होत्या, म्हणून जास्त लागलं. बावीस वर्षं मी फळ्यावर कंपासशिवाय, एका दमात वर्तुळ काढत होते. गणपती नुकतेच गेले होते. माझ्या हातात सात आठवडे होते.

फिजिओथेरपिस्ट, म्हणजे व्यायामाने आणि हाताने उपचार करणाऱ्या, दाभोळेबाई होत्या. बारीक अंगाच्या, बोटं मात्र सुताराची. पहिल्या दिवशी त्यांनी ओल्या गरम पिशवीने पाठ शेकली, मग बोटांनी चाचपत एक एक गाठ शोधली. "दहापैकी किती दुखतंय ते सांगा. पाच-सहाच्या वर जाऊ द्यायचं नाही." दाब धरून त्या सावकाश दहापर्यंत मोजत. सातवर यायच्या सुमारास गाठ खरंच लोण्यासारखी ढिली व्हायची. घरी निघताना खांदा हलका असे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत जड.

दाभोळेबाईंनी मला काम दिलं. "उजव्या हाताने दिवसभर काय काय करता, लिहून आणा."

यादी म्हटल्यावर मला कोणी सांगावं लागत नाही. माझ्या घरी किराण्याची, धोब्याची, औषधांची, पाहुण्यारावळ्यांची यादी असते. शुक्रवारी मी तीस नोंदी घेऊन गेले. पाट्यावर चटणी वाटणे, फळा पुसणे, पंपाने स्टोव्हला हवा भरणे, अंबाडा घालणे, सगळं वेळेसकट. बाईंनी चटणीवर आणि फळ्यावर खूण केली. चटणी विकतची येऊ लागली, फळा मुली पुसू लागल्या. खांदा तसाच.

आणि मग आम्ही एक चूक केली, जी कोल्हापुरातच होऊ शकते.

आमचे हे लग्नाआधी सहा वर्षं तालमीत जात होते. तिथली मालिश म्हणजे मालिश, बाकी सगळं गोंजारणं, असं त्यांचं ठाम मत. रविवारी सकाळी ते माझी पाठ बघून म्हणाले, "एवढ्याशा अंगठ्यानं काय हुतंय? आमचे वस्ताद असते तर एका दमात गाठ फोडली असती."

"त्या बाई शिकून आल्यात," मी म्हटलं.

"मग मी काय शाळा बुडवून तालमीत गेलतो? बरं, बुडवूनच गेलतो. पर शिकलो की."

मीही याच गावची. जे झोंबत नाही ते औषध नव्हे, असं मलाही आतून वाटत होतंच. मी सतरंजीवर पालथी झोपले आणि ह्यांनी कोपर टेकवलं. "सोस जरा. दुखल्याबिगार सुटत न्हाई." मी सोसलं. दहापैकी दहा असेल. सोमवारी पाठीवर काळानिळा डाग होता आणि हात कमरेच्या वर येईना. वेणी ह्यांनी घातली. ती कशी होती, ते लिहीत नाही.

मंगळवारी दाभोळेबाईंनी पदर सरकवून बघितलं.

"कोपर?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"या गावात कोपर मला लांबून ओळखू येतं. घरात एक तालमीत गेलेला माणूस असतोच." मग दारात अपराध्यासारख्या उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "पैलवान, गाठीला चीत करायचं नाही. तिला झोपवायचं आहे. जास्त दाबलं की स्नायू घाबरून आणखी आवळतो."

"चुकलं, बाई," हे म्हणाले. लग्न झाल्यापासून त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

दोन आठवडे नुसता शेक. सातातले चार आठवडे संपले आणि मी होते तिथेच होते. मुख्याध्यापिकांना काय सांगायचं, त्याची वाक्यं मी मनात जुळवायला लागले.

बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी दर वेळी हौसाक्का असायच्या. आजऱ्याच्या, काजूच्या कारखान्यात बिया फोडणाऱ्या. एका हाताने बी धरायची, दुसऱ्या हाताने यंत्राचा दांडा दाबायचा, दिवसभर. त्यांचा अंगठा दुखायचा आणि दाभोळेबाई त्यांचा दंड दाबायच्या. याचं त्यांना फार हसू यायचं. उपचारासाठी त्या लेकीकडे येऊन राहिल्या होत्या.

त्या शुक्रवारी त्या म्हणाल्या, "मास्तरीणबाई, एक इचारू? राग न्हाई ना यायचा?"

"विचारा की."

"पैल्या दिसापास्नं बघतोय मी. पिशवी तुमच्या मांडीवर हाय, आन् पट्टा खांद्यावरच. कोन पळवून न्हेनार हाय तिला? खांदा बघा तुमचा, कानाला टेकलाय."

मी बघितलं. खरं होतं. पिशवीत मुलींना रचना शिकवायचा लाकडी कंपास, काटकोनी गुण्या, दोन वर्गांच्या वह्या, डबा आणि छत्री. बावीस वर्षं ती याच खांद्यावर, आणि घसरू नये म्हणून खांदा वर. मी पिशवी उचलून जमिनीवर ठेवली.

हौसाक्का पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "पिशवी उतरली, पर खांदा उतरंना व्हय."

तोही खरंच वरच होता. मी जाणून खाली सोडला तेव्हा मानेपासून दंडापर्यंत काहीतरी सैल झालं. तीस नोंदींत पिशवी नव्हती. ती घेणं हे मला कामच वाटलं नव्हतं.

आत गेल्यावर मी सांगितलं. दाभोळेबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मी इथे गाठ सोडवत होते आणि तुम्ही दाराबाहेर पडलात की परत बांधत होतात." यादीखाली त्यांनी स्वतःच्या हाताने एकतिसावी नोंद लिहिली.

पुढचं सगळं सरळ होतं. कंपास आणि गुण्या शाळेच्या कपाटात राहिले. वह्या शाळेतच तपासायच्या. तासाची घंटा झाली की खांदा खाली सोडायचा, म्हणजे दिवसातून आठ वेळा आठवण. घरी रबरी चेंडू मोज्यात घालून भिंत आणि पाठ यांच्यामध्ये धरायचा, टेकायचं, दहा मोजायचे. तोंड वाकडं झालं तर दाब जास्त आहे असं समजायचं. दर शुक्रवारी हात किती वर जातो, त्याची पेन्सिलखूण हे स्वयंपाकघराच्या चौकटीवर करत. पहिली खूण कडीपाशी होती. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशीची तिच्या दीड वीत वर होती. त्याच दिवशी मी मुख्याध्यापिकांना सांगितलं, "भूमिती माझ्याकडेच राहू दे."

असं दुखणं असणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. आधी डॉक्टरांना दाखवा. हाताला मुंग्या येत असतील, बोटांतली ताकद जात असेल, तर दाबादाबी करूच नका. गाठ शिकलेल्या हाताकडून दाबून घ्या, घरच्या प्रेमळ कोपराकडून नको. आणि दिवसाची यादी कराल तेव्हा ती एकट्याने करू नका. तुम्हाला रोज बघणाऱ्या कोणालातरी शेजारी बसवा. आपल्याला आपला खांदा दिसत नाही.

हौसाक्का दिवाळीला गावी गेल्या. अंगठा बरा होता. "आता दांडा दोनी हातानं पाळीपाळीनं दाबनार हाय," म्हणाल्या. जाताना मला मूठभर काजू दिले आणि पिशवीत टाकू नका, हातातनं न्या, असंही बजावलं.

दिवाळीनंतरच्या पहिल्या तासाला मी खडू घेतला आणि फळ्याच्या वरच्या कडेजवळून वर्तुळ सुरू केलं. सगळा वर्ग माझ्या हाताकडे बघत होता. मुलींना सगळं माहीत असतं. अर्ध्यावर आले तेव्हा जाणवलं, खांदा हळूच वर चढायला लागलाय. हात तिथेच थांबवला. "मास्तरीणबाई, खांदा," असं हौसाक्कांच्या आवाजात मनात उमटलं. मी तो खाली सोडला, श्वास घेतला आणि उरलेलं वर्तुळ पुरं केलं. थांबले होते तिथे रेघ जराशी जाड उमटली होती. मी ती पुसली नाही. टोकाला टोक मिळालं होतं आणि मागच्या बाकावर कोणी उभं नव्हतं.