रत्नागिरीला, माफी मागायला

सकाळी सात वाजता कोल्हापूरच्या स्टँडवरून रत्नागिरीची एसटी सुटली, तेव्हा माझ्या खिशात क्षमेबद्दलची बायबलमधली चार वचने उतरवलेला कागद होता. तीन आठवडे मी त्याची तयारी करत होतो. शेजारी बसलेली माझी पत्नी मार्था म्हणाली, "ते तिच्यापुढे वाचत बसू नका. नुसतं चुकलं म्हणा."

लोक रत्नागिरीला आंब्यासाठी जातात, समुद्रासाठी जातात. मी मुलीची माफी मागायला चाललो होतो.

सलोमी आमची एकुलती एक. (नाव बदलले आहे. हा मजकूर छापायला देण्याआधी तिने वाचला आणि दोन परिच्छेद काढून टाकले.) सव्वा वर्षापूर्वी एका संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मला म्हणाली की तिला उगाचच धडधडते, हातपाय गार पडतात, झोप लागत नाही, डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आहेत. "पप्पा, कुणाला सांगू नका हं." मी हो म्हणालो.

आमच्या मंडळीत बुधवारी प्रार्थनासभा असते. शेवटी पाळकसाहेब विचारतात, "प्रार्थनेचे विषय?" ज्याच्या मनावर ओझे आहे त्याने उभे राहून सांगायचे आणि बाकीच्यांनी ते प्रभूपुढे मांडायचे, अशी जुनी रीत आहे आणि चांगली आहे. माझ्या आईची विस्मृती, मार्थाचे ऑपरेशन, माझी बदली, सगळे मी त्या सभेत सांगत आलो आणि त्या आधारावर संसार ओढत आलो. त्या बुधवारीही मी उभा राहिलो. सलोमीचे नाव घेतले, आजार सांगितला, गोळीचे नावसुद्धा सांगितले. आपण विश्वासाने वागलो असेच मला वाटले.

रविवारी चर्चच्या दारात तीन बायकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. एकीने विचारले, "त्या गोळ्यांनी माणूस सुटतं ना गं?" तिच्यासाठी आलेल्या स्थळाकडून पुढे निरोप आला नाही. सलोमी माझ्याशी भांडली असती तर बरे झाले असते. तिने महिनाभरात रत्नागिरीत एका लॅबमध्ये नोकरी धरली आणि गेली. फोन मार्थाला यायचे. मी खोलीत आलो की मार्थाचा आवाज खाली जायचा. शेवटी मार्थाने विचारले, "आम्ही दोघं येऊ का?" पलीकडून "या" आले. तेवढ्या एका अक्षरावर आम्ही निघालो होतो.

मलकापूरला चहा झाला. आंबा घाटाची वळणे सुरू झाली तसे मार्थाने लिंबू नाकाला लावले आणि डोळे मिटले. मी खिडकीतून खाली पाहत होतो. दरीत धुके होते, आणि घाट उतरत गेलो तशी हवा गरम आणि माती तांबडी होत गेली. साखरप्यानंतर रस्त्याच्या कडेने व्हाळ (ओढे) दिसू लागले, पाणी आटत आलेले. मग सडे (माथ्यावरचे सपाट कातळ) सुरू झाले. काळ्या कातळावर एवढी झाडे कशी उभी राहतात ते देव जाणे. जानेवारीचा महिना, कलमे मोहरली होती आणि गाडीत डिझेलच्या वासातूनही मोहराचा वास येत होता.

रत्नागिरीत शिरल्यावर कंडक्टर "मारुती मंदिर, मारुती मंदिर" असे ओरडला आणि मी घाबरून मार्थाला, दोन पिशव्यांना आणि भडंगाच्या डब्याला घेऊन खाली उतरलो. आम्हाला उतरायचे होते पुढे, मुख्य स्टँडला. गाडी निघून गेली. मार्था माझ्याकडे बघत राहिली.

रिक्षावाल्याने विचारले, "पाहुणे कुठचे?"

"कोल्हापूरचे. मांडवीला जायचंय."

"मग हितं कशाला उतरलात? बसा, बसा. तांबडा-पांढरा रस्सा सोडून आमच्याकडं काय काढलंत?"

"मुलगी असते इथे."

"मंग बरोबर," तो आरशातून हसला. "लेकीकडं जाताना माणूस असाच स्टॉप चुकतो."

सलोमी ज्यांच्याकडे राहते त्या पावसकरकाकूंचे घर मांडवीला, समुद्रापासून चार पावलांवर. पुढे पडवी, मागे छोटे आगर (नारळ-सुपारीची बाग). साठीच्या काकू लुगड्याचा पदर खोचून दारात उभ्या होत्या. सलोमी कामावरून चारला येणार होती. "तवर उपाशी बसणार काय? हात धुवा," म्हणत त्यांनी घावणे (तांदळाची जाळीदार धिरडी) आणि बांगड्याचे कालवण वाढले. मी मनात प्रार्थना करून जेवायला लागलो. काकू तेवढा वेळ वाटी हातात धरून थांबल्या. "सवय झाली मला," त्या म्हणाल्या, "तुमची लेक पण तशीच थांबते. माझं कालवण निवतं, पण थांबते."

हे ऐकून मला भरून आले. ती प्रार्थना करते, हे मला ठाऊक नव्हते. आणि भरून आलेला माणूस करतो तेच मी केले. विचारले, "काकू, तिला झोप लागते ना? गोळ्या वगैरे...?"

काकूंनी वाटी खाली ठेवली. "काय हो साहेब, माझ्या आगरात नारळ पडला तरी सगळ्या मांडवीला कळतं, एवढं माझं तोंड मोठं. पण भाडेकरणीचं मी नाही काढायची. सोलकढी घ्या."

मी सोलकढी घेतली. मार्था ताटात बघून हसू दाबत होती.

चार वाजता सलोमी आली. थोडी उजळ, थोडी परकी वाटली. आईला मिठी मारली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बीपीची गोळी घेतलीत?"

चौदा महिन्यांनंतरचे पहिले वाक्य. मी "घेतली" म्हणालो. घेतली नव्हती. खोटे बोलल्याचे लगेच टोचले, म्हणून हात धुवायच्या निमित्ताने मागे जाऊन गोळी गिळली आणि परत येऊन सांगितले, "आत्ता घेतली. मघाशी खोटं बोललो."

"बरं," ती म्हणाली. चेहऱ्यावर काही दिसले नाही.

संध्याकाळी तिघे जेटीवर गेलो. होड्या परतत होत्या. सूर्य बुडेपर्यंत मी चार वेळा बोलायला तोंड उघडले आणि चारही वेळा भेळेबद्दल बोललो.

दुसऱ्या दिवशी रविवार. सलोमी आम्हाला ती जाते त्या उपासनेला घेऊन गेली. एका बैठ्या घराचा हॉल, तीसेक माणसे, एक पेटी. गाणी आमचीच, पण चाल इथे जरा संथ, लाटेच्या बेताची. मी खुशीत होतो. संदेश झाला. मग तिथल्या तरुण पाळकांनी वही बंद करून विचारले, "प्रार्थनेचे विषय?"

वीस वर्षांची सवय. डोक्याला कळायच्या आत माझे गुडघे उठले. मार्थाने शर्ट ओढला, पण मी अर्धा उभा होतो आणि पाळकांनी पाहिले होते. "बोला, बंधू. पाहुणे दिसता."

मी सलोमीकडे पाहिले. ती दाराकडे पाहत होती. हात मांडीवर, मुठी घट्ट. आपल्या मुलीला आपली अशी भीती वाटावी, हे मी त्याआधी डोळ्यांनी पाहिले नव्हते. ऐकून होतो, समजून होतो, पाहिले तिथे.

"आभार मानायचे आहेत," मी म्हणालो. "प्रवास सुखरूप झाला." आणि बसलो.

बाहेर आल्यावर सलोमी चपला घालताना म्हणाली, "तुम्ही उठलात तेव्हा मी दार किती लांब आहे ते बघत होते."

"मला दिसलं."

"एकच ओळ बोलून बसलात. आयुष्यात पहिल्यांदा." आणि ती हसली, फिस्सकन, लहानपणी हसायची तशी.

दुपारनंतर पूल ओलांडून भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. मार्था सुरूच्या झाडांच्या सावलीत बसली, "मला चालवत नाही" म्हणाली, जे खरे नव्हते. आम्ही दोघे ओल्या वाळूवरून चालत राहिलो. वचनांचा कागद कालच्या शर्टात राहिला होता.

"सलोमी, माझं चुकलं. तू सांगू नको म्हणालीस आणि मी सांगितलं."

"का सांगितलंत?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. "घाबरलो होतो. तू सांगितलंस आणि मला काय करावं कळेना. तुझ्याजवळ बसायचं सोडून मी ते सगळ्यांच्या हातात देऊन मोकळा झालो. त्याला विश्वास म्हणत होतो."

"प्रार्थना केलीत त्याचा राग नाही, पप्पा. मीही करते. गोळ्यांची लाजही नाही मला. पण कुणाला सांगायचं ते मी ठरवणार होते. तुम्ही माझं तोंडच काढून घेतलंत."

"हो."

"लगेच माफ केलं म्हणाले तर खोटं होईल."

"म्हणू नकोस."

एक लाट आमच्या पावलांवरून जाऊन परतली. मग ती आपणहून बोलायला लागली. कामाचे, झोपेचे, तिच्या मनातले. किनारा संपेपर्यंत बोलत होती. ती काय बोलली ते इथे लिहीत नाही. तिने ते मला सांगितले आहे, एवढेच लिहितो.

सोमवारी सकाळी ती स्टँडवर पोचवायला आली. घरातले कुणी प्रवासाला निघाले की मी मोठ्याने प्रार्थना करतो, हा आमच्या घरचा नियम. मी विचारले, "करू या?"

"मनातल्या मनात," सलोमी म्हणाली.

कंडक्टरच्या आरोळ्यांत, पिशव्या पायाशी ठेवून आम्ही तिघांनी माना खाली घातल्या. ती किती वेळ उभी होती ते मी मोजले नाही. तिने "आमेन" म्हटले तेव्हा मी डोळे उघडले.

घाट चढताना मार्थाने विचारले, "काय मागितलं असेल हो तिने?" मी म्हणालो, "ठाऊक नाही." आणि मला ठाऊक नसल्याचे दुःख वाटत नव्हते. प्रभूला सगळ्या घराचे माझ्याच तोंडून कळते, असा माझा इतकी वर्षे समज होता की काय, कोण जाणे. त्याला तिचा आवाज ओळखता येतो, हे समजायला मला समुद्रापर्यंत जावे लागले. घाटमाथ्यावर गार वारा आला आणि मी चक्क झोपलो.

कोल्हापुरात घराच्या वळणावरच पाळकसाहेब भेटले. त्यांनी स्कूटर थांबवली. "कशी आहे मुलगी? बुधवारी काही विषय घ्यायचा?"

"जेवते, हसते. बाकीचं तिला वाटेल तेव्हा ती सांगेल, साहेब. बुधवारी माझ्यासाठी प्रार्थना करा. मला गप्प राहायला शिकायचंय."

पाळकसाहेबांनी स्कूटरला किक मारली. "तो विषय," ते म्हणाले, "आम्ही तुमच्यामागे बरीच वर्षं घेतोय."