गालाची जागा

दसऱ्याला भावाने वडिलांची रायफल पाटावर मांडली, गंध लावलं, झेंडू वाहिला. मी लांब उभी होते, तरी दस्त्यावरचा तो गुळगुळीत पट्टा मला दिसलाच. नेम धरताना गाल टेकतो तिथलं लाकूड आजोबांच्या, मग वडिलांच्या आणि शेवटी माझ्या गालाने झिजून चकाकायला लागलंय. भाऊ त्याला घराण्याची खूण म्हणतो. मला तो तीन पिढ्यांचा मळ वाटतो.

मी पहिल्यांदा शिकारीला गेले तेव्हा कॉलेजात होते. “श्वास अर्धा सोड, मग बोट दाब,” वडील कानाशी म्हणाले. मी दाबलं. भातात शिरलेलं डुक्कर पडलं. जवळ जाऊन पाहिलं तर ती डुकरीण होती आणि तिच्या सडांतून दूध गळत होतं. वडिलांनी तिच्या रक्तात अंगठा बुडवून तो माझ्या कपाळावर ओढला. आमच्याकडे पहिल्या शिकारीला असंच करतात. अभिमानाने त्यांचे डोळे भरून आले होते. त्या डोळ्यांना मी अजून माफ केलेलं नाही. पीक राखायचं होतं तर राखायचं. त्यात माझं कपाळ कशाला रंगवायचं?

“ताई, आता तुझ्या लेकीला शिकव,” पूजा आटोपल्यावर भाऊ म्हणाला. लेकीने लगेच हात पुढे केला. तिच्या हाती लागू नये म्हणून मी घाईने रायफल उचलली, तर ती सवयीने खांद्यालाच लागली आणि गाल आपोआप त्या जागेवर जाऊन बसला.

“बघ,” भाऊ लेकीला म्हणाला, “तुझी आई किती छान धरते.”