शनिवारचे लेटमार्क

दौंडहून एसटीने शिरूर आणि तिथून कंपनीच्या बसने कारखाना, असे दोन हजार सालानंतरचे माझे नोकरीचे दिवस. आजही ते आठवले की जीव हळहळतो. मी नवाकोरा इंजिनिअर, कॉम्प्युटर विभागात एकटाच, त्यामुळे माझा रुबाब काही विचारू नका. त्यात मी एका सर्व्हरच्या पोटात चार व्हर्च्युअल मशीन बसवली होती, म्हणजे एका खऱ्या कॉम्प्युटरमध्ये चार आभासी. येईल त्याला मी ते कौतुकाने दाखवायचो आणि बघणाऱ्याला एक डबा सोडून काही दिसायचं नाही. त्यातल्या एका मशीनवर कामगारांची हजेरी चाले. गेटवर कार्ड पंच केलं की वेळ तिथे नोंदली जाई.

निमोण्याचे एक मामा सातच्या पाळीला सायकलवर यायचे. बाकीचे आधी येऊन चहा मारत बसत. मामा मात्र गोठ्यातलं उरकून, सातला दोन मिनिटं कमी असताना पंच करत. त्यांना पर्मनंट करायचं घाटत होतं आणि नेमके तेव्हाच त्यांच्या नावावर लेटमार्क साचायला लागले.

एक दिवस ते माझ्या टेबलापाशी आले.

"साहेब, सोमवारी मी येळेवर असतो आन् शनवारी लेट. रस्ता तर त्योच हाय."

"मामा, कॉम्प्युटरचं काय तुमच्याशी वैर आहे?"

"तसं न्हाई. पर माझं कार्ड पंच झाल्यावर वॉचमनच्या रेडिओवरची बाई सात वाजले म्हणती. रोज ऐकतो मी."

मी हसलो. रेडिओचं काय घेऊन बसलात, म्हणालो. "बरं," म्हणून ते गेले.

पुढच्या महिन्यात पर्मनंट झालेल्यांची यादी लागली. मामांचं नाव नव्हतं. ते भांडले नाहीत, रोजच्यासारखे कामाला आले. मलाच चैन पडेना. त्या शुक्रवारी शिरूरला मित्राकडे मुक्काम केला आणि शनिवारी सकाळी गेटवर जाऊन उभा राहिलो. मामांनी पंच केलं. पंचच्या पडद्यावर वेळ उमटली, सात वाजून आठ मिनिटं. मग रेडिओवरच्या बाईने सात वाजल्याचं सांगितलं.

खरा कॉम्प्युटर चौघांना आळीपाळीने वेळ देतो. आपली पाळी येईपर्यंत आतल्या मशीनच्या घड्याळाचे ठोके हुकतात. ते हुकलेले ठोके मशीन स्वतः भरून काढत होतं आणि मी हौसेने बसवलेला एक प्रोग्रामही तेच करत होता. त्यामुळे घड्याळ रोज थोडं पुढे पळायचं. रविवारी कारखाना बंद असताना मी सर्व्हर बंद करून परत चालू करी आणि घड्याळ पुन्हा खऱ्या वेळेवर येई, म्हणून सोमवारी सगळं ठीक दिसे. मी दोन्ही भरपाया बंद केल्या आणि चारही मशीनना एकाच ठिकाणी वेळ विचारायला लावली.

मग मॅनेजरसाहेबांना सगळं कबूल केलं. लेटमार्क पुसले गेले, पण लागलेली यादी काही बदलली नाही. मामांना आणखी वर्षभर थांबावं लागलं.

मी त्यांची माफी मागायला गेलो.

"चूक मशीनची, साहेब. तुमी कशापायी वाईट वाटून घेताय?"

मला तिथेच रडू आलं. मशीनला कुणी काही सांगितलं नव्हतं. मला मामांनी सांगितलं होतं आणि मी हसलो होतो.