चैतीचा बिल्ला

माझ्यासारख्या माणसाने चैतीबद्दल बोलावं की नाही, ते तुम्हीच ठरवा. पण बोलल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी तय्यब, जव्हारचा. दरबारच्या जंगलात कोळशाच्या भट्ट्यांवर मुकादम होतो. जर्मनच्या लढाईच्या आदल्या सालची ही गोष्ट.

चैती पोशेऱ्याची. अंगाने किडकिडीत, तोंडाने फटकळ. राजा समोर आला तरी त्याला 'तू' म्हणेल अशी, मग माझी काय कथा! "ए मुकादम, नुसता वरडतोस काय, पाटी उचल की," असं चारचौघांत सुनवायची आणि सगळी माणसं खो-खो हसायची. मी चिडायचो, पण तिला बोलायची सोय नव्हती. लाकडं रचून वर पाला-माती लिंपली आणि आत विस्तव टाकला, की आठ दिवस भट्टीची राखण करावी लागते. मातीला तडा जाऊन वारा आत शिरला की कोळशाची राख झालीच. चैती नुसता तळहात मातीवर ठेवून सांगायची, "हितं फुटणार." आणि तिथेच फुटायचं.

ती भट्टीवर आली ती मजुरीपेक्षा बिल्ल्यासाठी. दरबारच्या कामावरच्या माणसाला पितळी बिल्ला मिळे. तो दाखवला की जव्हारच्या दवाखान्यात त्याला, त्याच्या घरधनिणीला नाहीतर घरधन्याला आणि पोरांना औषध फुकट. बाकीच्यांनी विकत घ्यावं, नाहीतर भगताकडे जावं. चैतीचा नवरा लहान्या दर साली हिवतापाने आडवा व्हायचा. एकदा तर जायचाच, पण कोयनेलच्या कडू पुड्यांनी वाचला. तेव्हापासून घरचं नागलीचं शेत दिराच्या हवाली करून ती आमच्याकडे राबत होती. बिल्ला दोऱ्यात ओवून गळ्यात. आंघोळीलाही काढायची नाही.

त्या साली दिवाळीनंतर आम्ही मोठी भट्टी पेटवली. दोन दिवसांनी मी घरी जव्हारला गेलो, तर बाजारात दवंडी चाललेली. आजपासून दवाखान्यात बिल्ला लागणार नाही, संस्थानातल्या कुणालाही औषध फुकट! माझी बायको मैमुना म्हणाली, "अल्लाने ऐकलं हो गरिबांचं. जाऊन सांगा आपल्या माणसांना." मी हो म्हटलं.

आणि परतीच्या वाटेत माझं डोकं फिरलं. बिल्ल्याची गरज संपली तर भट्टीवर थांबेल कोण? ज्याला त्याला आपापलं शेत आहे. निम्मी माणसं उठून गेली तर भट्टीची राख होणार आणि माझी मुकादमी जाणार. तेव्हा भट्टी उघडेपर्यंत बोलायचंच नाही, असं मी ठरवलं. कुणी बाजाराला जाऊ नये म्हणून सगळ्यांचं मीठ-मिरचीसुद्धा मीच आणून दिलं. माणसं दुवा देत होती हो मला! चैती म्हणाली, "आमचे मुकादमाचे अंगात देव आला वाटतं."

दुसऱ्याच दिवशी तिच्या माहेरून, खोडाळ्याहून, निरोप आला. आई तापाने फणफणली होती. खोडाळ्यात दवंडी अजून पोचायची होती. चैती माझ्याकडे आली. तिचा आवाज इतका खाली मी कधी ऐकला नव्हता.

"तय्यबदादा, माझे बिल्ल्यावर आयसला औषध मिळंल का?"

"बिल्ल्यावर आईला मिळत नाही. तुला ठाऊक आहे."

इथवर शब्द खरा होता. म्हणून मी धीट झालो.

"मंग दोन दिस जाऊन येते. नुसती बघून येते तिला."

"भट्टी सोडलीस तर बिल्ला जाईल. मग लहान्याला कोयनेल कुठून आणशील?"

हे मात्र धडधडीत खोटं. तोबा, तोबा! ती बिल्ला मुठीत धरून परत गेली आणि भट्टीच्या मातीवर हात ठेवून बसली. दवाखाना आमच्यापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. मला फक्त तोंड उघडायचं होतं. तेवढंही झालं नाही माझ्याच्याने, नालायकाच्या.

आठव्या दिवशी भट्टी उघडली. कोळसा इतका छान, की तुकड्यावर तुकडा आपटला तर खणखण वाजावा. त्याच संध्याकाळी चैतीची आई गेल्याचा निरोप आला.

चैती खोडाळ्याला गेली आणि तिथल्या बाजारात तिला दवंडी कळली. इकडे मीही सगळ्यांना सांगून टाकलं. किती माणसांनी काम सोडलं असेल? दोघांनी. दोघेही म्हातारे, गुडघे धरलेले. बाकीचे म्हणाले, मजुरी तर लागतेच की, औषध खाऊन पोट भरतं का? दोन माणसं हो! त्या दोन माणसांच्या धास्तीने मी एक बाई मरू दिली.

दिवस-कार्य उरकून चैती आली. ती शिव्या घालेल, थुंकेल, म्हणून मी तयारीत होतो. खरं सांगतो, तिने तसं करावं म्हणून वाट बघत होतो. तिने गळ्यातला दोरा तोडला आणि बिल्ला माझ्या हातात ठेवला.

"तुना ठावं होतं?"

मी हो म्हटलं.

"मंग सांगायचं ना. आयसला औषध पाजून मी आलेच असते परत. भट्टी मीच लिंपलेली. टाकून जाईन काय?"

एवढंच. ती नव्या भट्टीकडे गेली, मातीवर तळहात ठेवला आणि मागे न बघता म्हणाली, "हितं फुटणार. माती पायजे."

मुकादम झाल्यापासून मी पाटीला हात लावला नव्हता. त्या दिवशी उचलली, माती भरून नेली. चैतीने ती लिंपली. पुढे पाच वर्षं ती माझ्या भट्टीवर होती, पण 'ए मुकादम' म्हणून तिने मला पुन्हा एकदाही चिडवलं नाही.